शिखराची तारीख कोण ठरवतं?

साताऱ्याच्या प्रियांका मोहिते यांनी आठ हजार मीटरपेक्षा उंच अशी पाच शिखरं सर केली आहेत. एव्हरेस्ट २०१३ मध्ये, ल्होत्से २०१८ मध्ये, मकालू २०१९ मध्ये, अन्नपूर्णा २०२१ मध्ये आणि कांचनजुंगा २०२२ मध्ये. यांतली अन्नपूर्णा तेवढी एप्रिलमध्ये, बाकीची चारही मे महिन्यात. सत्कारात धाडसाचं कौतुक होतं आणि ते व्हायलाच हवं. पण नेमका तोच दिवस कसा निघाला, हे फारसं कुणी विचारत नाही. त्यामुळे अजिंक्यतारा, वासोटा, प्रचितगड करून हिमालयाकडे वळणाऱ्या आपल्या मुलांच्या मनात काही समजुती घट्ट बसतात. त्यांतल्या एक-दोन जिवावर बेतू शकतात.

गैरसमज : मे महिन्यात उन्हाळा असतो, बर्फ कमी होतो, म्हणून एव्हरेस्ट तेव्हा चढतात.

एव्हरेस्टच्या माथ्यावर मे महिन्यातही पारा शून्याखाली वीस अंशांच्या आसपास असतो. खरा प्रश्न वाऱ्याचा आहे. ८,८४९ मीटर उंचीचं हे शिखर थेट जेट प्रवाहाच्या, म्हणजे खूप उंचावरच्या वेगवान वाऱ्याच्या, पट्ट्यात शिरतं. हिवाळ्यात तिथे ताशी दीडशे किलोमीटरहून जोरदार वारे वाहतात. उन्हाळा सरत येतो आणि मोसमी पावसाची चाहूल लागते, तसा हा प्रवाह उत्तरेकडे सरकतो आणि माथ्यावरचा वारा थोडे दिवस पडतो. वारा पडलेला आहे आणि पाऊस अजून पोहोचलेला नाही, एवढ्याच फटीत शिखर गाठायचं असतं. जूनमध्ये आपल्याकडे पेरणीची घाई सुरू होते, तेव्हा तोच मान्सून तिकडे बर्फ होऊन कोसळायला लागतो. पूर्व नेपाळच्या उंच भागात वर्षातला बहुतेक बर्फ पावसाळ्यात पडतो, हिवाळ्यात नव्हे.

हाच हंगाम सगळ्या हिमालयाला लावणंही चूक. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास. सांगलीतल्या जत-आटपाडीची गतही तीच. पर्जन्यछाया म्हणजे काय, हे आपल्याला भूगोलाच्या पुस्तकातून शिकावं लागत नाही. लडाख असाच हिमालयाच्या पाठीमागे, पर्जन्यछायेत आहे. म्हणूनच तिथली सहा हजार मीटरची शिखरं जुलै-ऑगस्टमध्ये चढतात, जेव्हा एव्हरेस्टच्या बाजूला कुणी फिरकत नाही.

गैरसमज : आकाश निरभ्र आणि वारा शांत असला की वाट सुरक्षित.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या समजुतीची. आकाश आजचं सांगतं. उतारावरच्या बर्फात मागच्या कित्येक दिवसांचं हवामान थराथरानं साठलेलं असतं. ते समजायला एक उदाहरण आपल्याच सातारा जिल्ह्यात आहे. थंडीत वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात गाड्यांच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर पांढरा थर दिसतो आणि ‘महाबळेश्वरला बर्फ पडला’ अशी बातमी होते. तिथे काहीही पडलेलं नसतं. रात्र निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमिनीतली उष्णता भराभर वर निघून जाते, गवताचं पातं शून्याखाली उतरतं आणि त्यावर दव गोठतं. जमिनीपासून मीटरभर उंचीवरचा तापमापक तेव्हा चार-पाच अंशही दाखवत असेल.

हिमालयातल्या उतारावरही शांत, निरभ्र रात्री असंच घडतं. हवेतली वाफ थेट गोठून बर्फाच्या पृष्ठभागावर पिसांसारखे नाजूक स्फटिक उभे राहतात. मग त्यांच्यावर नवा बर्फ पडतो आणि ते गाडले जातात. वरून काहीच दिसत नाही, पण हा कच्चा थर आत कित्येक दिवस, कधी काही आठवडे तसाच राहतो. उतार तीस ते पंचेचाळीस अंशांचा असेल, तर वरून चालणाऱ्या माणसाच्या भारानंही तो मोडतो आणि त्याच्यावरचा अख्खा थर सुटून खाली येतो. हिमस्खलनाची तयारी कधीकधी सुंदर हवेतच झालेली असते, ती अशी. शिवाय बर्फ पडला नाही तरी वारा एका अंगाचा बर्फ उचलून दुसऱ्या अंगाला रचत असतो. म्हणून जाणते गिर्यारोहक मोठ्या बर्फवृष्टीनंतर ऊन पडलं तरी लगेच निघत नाहीत. निदान एक-दोन दिवस थांबतात, खणून थर तपासतात.

अन्नपूर्णेचा उत्तरेकडचा उतार हिमस्खलनांसाठी कुप्रसिद्ध आहे. ऊन वाढत जातं तसा धोका वाढतो, म्हणून तिथे एप्रिलमध्येच वर जाण्याची धडपड असते. १६ एप्रिल २०२१ ला मोहिते माथ्यावर पोहोचल्या, त्याच दिवशी पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेचे गिर्यारोहकही तिथे पोहोचले. वेगवेगळ्या तुकड्या एकच दिवस गाठतात, कारण तसा दिवस मिळणंच दुर्मीळ.

मध्यरात्री चढाई सुरू करण्यामागेही हेच कारण आहे. सूर्योदयाचा फोटो हा दुय्यम लाभ. रात्री गोठलेला बर्फ घट्ट असतो, भेगांवरचे बर्फाचे पूल भार पेलतात; दुपारच्या उन्हात तेच पूल आणि वरचे दगड सुटू लागतात.

गैरसमज : ऑक्टोबर म्हणजे पाऊस संपला, आता निर्धास्त.

१२ ऑक्टोबर २०१४ ला ‘हुदहुद’ चक्रीवादळ विशाखापट्टणमजवळ किनाऱ्यावर आदळलं. दोनच दिवसांत त्याचे अवशेष नेपाळात पोहोचले आणि अन्नपूर्णा परिसरातल्या थोरोंग ला खिंडीच्या आसपास बर्फाच्या वादळात चाळीसहून जास्त माणसं गेली. त्यांतले बरेच जण साधे पदभ्रमंती करणारे होते. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तरकाशी जिल्ह्यातल्या ‘द्रौपदी का डांडा’ शिखरावर प्रशिक्षणार्थींच्या तुकडीवर हिमस्खलन झालं. सत्तावीस मृतदेह हाती लागले. ‘हुदहुद’सारखी वादळं लक्षात घेता, हिमालयात जाणाऱ्यानं बंगालच्या उपसागराचा नकाशाही रोज पाहिला पाहिजे.

गैरसमज : मोबाइलवर हवामान दिसतंच की.

मोबाइल बहुधा जवळच्या गावाचं हवामान दाखवतो. उंची हजार मीटरनं वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. एव्हरेस्टच्या ५,३६४ मीटरवरच्या तळछावणीपासून माथ्यापर्यंत हा फरक बावीस-तेवीस अंशांचा होतो, आणि वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारी थंडी त्याहून कितीतरी जास्त. शिखराच्या उंचीवरच्या वाऱ्याचा अंदाज वेगळा मागवावा लागतो. मोठ्या मोहिमा तो विकत घेतात.

हिमालयात जायचं ठरवलेल्या आपल्या मुलामुलींना माझं सांगणं आहे. आधी उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था किंवा दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट यांसारख्या ठिकाणी प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण करा. बर्फ वाचायला सह्याद्रीत शिकता येत नाही. माथ्याकडे निघण्यापूर्वी परत फिरण्याची वेळ ठरवा आणि माथा शंभर मीटरवर असला तरी ती पाळा. आणि परतीचं रेल्वे तिकीट काढताना हवेसाठी चार-पाच दिवस राखून ठेवा. ‘उद्या गाडी आहे’ म्हणून कच्च्या बर्फावर पाऊल टाकू नका.