पत्ता असलेले दगड

खडीच्या धंद्यात आतून पोकळ निघालेल्या दगडाला कोणी विचारत नाही. आमच्यासारख्यांचा जीव मात्र नेमका त्या पोकळीत अडकलेला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर चढले, त्यात वायूचे बुडबुडे अडकून थिजले आणि पुढे त्या पोकळ्यांतून गरम पाणी झिरपत राहिलं. त्या पाण्यातून साचलेले स्फटिक म्हणजे स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट हे झिओलाइट आणि त्यांच्याच घरात भाडेकरू म्हणून राहणारा अपोफिलाइट. भोर घाटातून रेल्वे काढली (घाटातला हा मार्ग १८६३ साली सुरू झाला) तेव्हा कातळातून असे नमुने निघाले आणि थेट विलायतेच्या संग्रहालयांत जाऊन बसले.

या नादाला मला लावणारा मित्र गेल्या वर्षी गेला. नोकरी बँकेत, त्यामुळे नोंदींची सवय हाडीमाशी खिळलेली. हौशी लोक आधी स्फटिकाचा रंग बघतात, चमक बघतात. हा आधी विचारायचा, "अरे, कुठला ते सांग. कसा आहे ते मग बघू." खाणीवर गेलो की पिशवीत हातोडा-छिन्नी, जुनी वर्तमानपत्रं आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा. चिठ्ठी तिथेच, उन्हात उभं राहून लिहायची. घरी गेल्यावर लिहू म्हटलं की त्याचा पारा चढे. घरी आल्यावर दगडाच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटचा ठिपका, तो वाळला की त्यावर काळ्या शाईने क्रमांक, आणि वहीत त्याच क्रमांकासमोर गाव, खाण, कातळाचा थर, शिवाय तो दगड बाजूला काढून ठेवणाऱ्या कामगाराचं नाव. ते नाव त्याने कधी गाळलं नाही.

धुण्याचंही त्याचं शास्त्र होतं. साधं पाणी, मऊ ब्रश, बस्स. आम्ल लावलं की झिओलाइटची चकाकी मरते, काहींचा तर चक्क चिकट लगदा होतो. ओकेनाइटला तो पाणीही लावू देत नसे. मुंबईच्या मालाड-कांदिवलीकडच्या खाणींतला हा ओकेनाइट म्हणजे केसाएवढ्या तंतूंचा पांढराशुभ्र गोळा. बोट टेकलं की तंतू कायमचे चपटे होतात. त्याच्याकडच्या एका गोळ्यावर कोणा पाहुण्याच्या अंगठ्याची खूण होती, आणि त्या पाहुण्याला पुन्हा कपाटापाशी फिरकू दिलं गेलं नाही.

पुण्याजवळच्या वाघोलीचा कॅव्हन्साइट हा त्याचा खरा अभिमान. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका यांचं हे गडद निळं खनिज पहिल्यांदा मिळालं अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये, १९६७ साली. पण जगभरच्या संग्राहकांनी जीव टाकला तो वाघोलीच्या नमुन्यांवर. पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेला निळा गोंडा एकदा पाहिला की माणूस कामातून गेलाच. नाशिककडचा पॉवेलाइट त्याने वेगळ्या खणात ठेवला होता. दिवे घालवून तो लघुलहरींचा अतिनील दिवा लावी आणि स्फटिक पिवळाजर्द उजळे. घरात लहान मूल आलं की हा खेळ ठरलेला.

व्यापारी मात्र जळगावपासून मुंबईपर्यंतचा कुठलाही माल सरसकट 'पूना' म्हणून परदेशी पाठवत. यावर तो तास तास बोलायचा, आणि माझ्या मते ते बोलणं योग्यच होतं. दगडाचा पत्ता हरवला की उरते ती शोभेची वस्तू. कुठला स्फटिक कुठल्या थरात आणि कोणाच्या अंगावर वाढला, हे पुन्हा शोधायला आता त्या खाणीही उरलेल्या नाहीत. काहींत पाणी साठलंय, काही बुजवून वर इमारती उठल्यात.

त्याचा संग्रह घरच्यांनी एका महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला दिला. वहीची नक्कल करायचं काम माझ्याकडे आलं. अक्षर स्वच्छ, खाडाखोड जवळपास नाहीच. एका कॅव्हन्साइटपुढे मात्र 'वाघोली, रस्त्याच्या डाव्या हाताची खाण' एवढंच आहे. डावा हात नगरकडे जाताना की पुण्याकडे येताना, ते नाही. नशीब, कामगाराचं नाव आहे. तो माणूस कुठे भेटतो का, म्हणून सध्या त्या भागातल्या जुन्या क्रशरवाल्यांकडे चौकशी करतोय.