पांढुर्ण्याचे न फेकलेले दगड

पांढुर्ण्याचं नाव काढलं की नागपूरकडच्या माणसाला दगड आठवतात, तेही हवेतून येणारे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव उभं राहतं, पात्रात रोवलेल्या पळसाच्या झेंड्यासाठी गोटमार होते. पळून जाणाऱ्या जोडप्याची दंतकथा, जखमींचे आकडे, शांतता समितीच्या बैठका हे सारं दरवर्षी छापून येतं. याच मुलखात दुसऱ्या जातीचेही दगड आहेत. रोवल्या जागेवरून हलायचं नाही, एवढंच त्यांचं काम. त्यांच्याबद्दल कुणी छापत नाही.

ते शोधायचे तर सुरुवात नागपुरातून करावी, झिरो माइलपासून. वालुकाश्माचा तो खांब, शेजारचे चार घोडे आणि भारताचा मध्यबिंदू असल्याची भाबडी ख्याती सगळ्यांना ठाऊक आहे. खरं तर १९०७ सालचं हे ठिकाण समुद्रसपाटीपासूनची उंची मोजण्याचा प्रमाणबिंदू आहे: १०२०.१७१ फूट. खांबाच्या पायथ्याशी गावांची नावं आणि मैल कोरलेले आहेत. त्यात छिंदवाडा ८३ आणि बैतूल १०१. हे दोन्ही रस्ते सावनेरपर्यंत एकच आहेत. तिथे फाटा फुटतो, एक सौंसरवरून छिंदवाड्याला जातो, दुसरा पांढुर्ण्यावरून बैतूलला. भोपाळचा त्या दगडावर पत्ता नाही. असायचं कारणही नव्हतं. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरच होती.

या खुणांमागच्या ग्रेट ट्रिग्नोमेट्रिकल सर्व्हेचा (जी.टी.एस.) इतिहास थोडक्यात. विल्यम लॅम्ब्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे सरकवायला घेतली. अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट डोंगरमाथ्यांवर चढवत तो वऱ्हाडच्या दिशेने आला. हैदराबादहून नागपूरला येताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला आणि कबरही तिथेच आहे. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टने ओढलं. अचलपूरजवळच्या टाकळखेड्यापासून बैतूलकडचा सातपुडा ओलांडून सिरोंजपर्यंत. पांढुर्णा या मुख्य साखळीच्या थोडं पूर्वेला पडतं.

अशा मोजणीच्या खुणा ओळखायला सोप्या आहेत, सापडायला नाहीत. डोंगरमाथ्यावरच्या खडकात कोरलेलं वर्तुळ आणि त्यात एक बिंदू असेल तर ते त्रिकोणमापनाचं ठाणं. चौकोन, वर 'जी.टी.एस.' आणि खाली 'बी.एम.' (बेंच मार्क) ही अक्षरं असली तर तो उंचीचा बिंदू. तो जुन्या पुलाच्या कठड्यावर, रेल्वे स्थानकाच्या जोत्यावर किंवा डाक बंगल्याच्या पायरीवर असू शकतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशात पांढुर्णा ५५ के/१० या पत्रकात आणि सौंसर ५५ के/१४ मध्ये येतं. त्यावरचे छोटे त्रिकोण हेच सुगावे. मात्र त्या कागदावरचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे मोबाइलमध्ये घातले तर माणूस शंभर-दीडशे मीटर बाजूच्या वावरात जाऊन उभा राहतो, कारण जुना नकाशा एव्हरेस्टने मानलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेला आहे आणि मोबाइल उपग्रहांच्या मोजणीतल्या आकारावर.

इथल्या शेतकऱ्याला या साहेबी खुणांशी काही देणंघेणं नाही. त्याचा जीव चांद्यात अडकलेला असतो. गावनकाशातला पक्का दगड तो चांदा, आणि तीन गावांच्या शिवा जिथे भेटतात तो तिहद्दा. सौंसरकडच्या एका निवृत्त पटवाऱ्याला या विषयावर बोलतं करायला फार कष्ट पडत नाहीत. जरीब म्हणजे ६६ फुटांची, १०० कड्यांची साखळी, आणि १० चौरस साखळ्यांचा एक एकर, हे तो अजून पाढ्यासारखं म्हणतो. मैलाला १६ इंच या प्रमाणातला नकाशा धुऱ्यावर पसरायचा, आधी चांदा गाठायचा आणि तिथून जरीब टाकायची. चांदा हरवलेला असेल तर जुनी विहीर, नाल्यांचा संगम, तिहद्दा असे न हलणारे बिंदू धरून मागे यायचं. त्याच्या मते चांदे पावसाने वाहून जात नाहीत. ते रात्री, नांगरासोबत, शेजाऱ्याच्या बाजूला सरकतात. आता सीमांकनाला उपग्रहाशी बोलणारा रोव्हर येतो. पटवाऱ्याला यंत्राबद्दल राग नाही, पण यंत्र आलं म्हणून कुणी चांदा जपत नाही, ही तक्रार मात्र आहे, आणि ती पटण्यासारखी आहे.

काही दगड सरकवलेही जात नाहीत, थेट उखडले जातात. सरकारने गाडलेल्या दगडाखाली धन असतं, ही समजूत देशभर आहे. या भागात तिला जामसावळीची जोड मिळते. सौंसरजवळच्या त्या प्रसिद्ध देवस्थानात पिंपळाखाली हनुमान निद्रिस्त अवस्थेत आहे. आख्यायिका अशी की मूर्ती पूर्वी उभी होती. खाली खजिना आहे या संशयाने काही लोक ती हटवायला आले, तेव्हा मारुतीराय आडवे झाले. मग बैल-घोडे जुंपून ओढलं तरी तसूभर हलेनात. अमुक दगड हलवायचा नाही, हे सांगायला यापेक्षा परिणामकारक कथा महसूल खात्यालाही सुचली नसती. जमीन महसूल संहितेत हद्दीची खूण नष्ट करणाऱ्याला दंड आहे, पण त्याला भितो कोण? त्यापेक्षा शेंदूर बरा. धुऱ्यावरच्या एखाद्या दगडाला शेंदूर लागला, वर्षाला नारळ फुटू लागला, की त्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही. हद्दीची निशाणी कशी राखावी याचा विचार मनुस्मृतीतही आहे. कोळसा, खापऱ्या, हाडं, राख असं न सडणारं काहीबाही जमिनीखाली पुरून ठेवावं, असं तिथे सांगितलं आहे.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर आणि छिंदवाडा यांच्यातली जिल्ह्याची हद्द राज्याची हद्द झाली. धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याचीच झाडं आणि मराठीच बोलणं, पण पलीकडे महाराष्ट्रात सातबारा आणि भूमी अभिलेखचा भूकरमापक, अलीकडे मध्य प्रदेशात खसरा, पटवारी आणि कोतवार. पोरीचं सासर पलीकडे आणि वावर अलीकडे अशा घरांना मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांतले कागद सांभाळावे लागतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा जिल्हा झाला. कलेक्टर जवळ आले याचा आनंद आहेच. पण जुन्या पुलांच्या कठड्यांवर आणि स्थानकांच्या जोत्यांवर कोणत्या खुणा उरल्यात, याची मोजदाद कुठल्याच बैठकीच्या यादीत दिसत नाही. नागपूर-बैतूल रस्ता चौपदरी झाला आणि सौंसरची छोटी गाडी २०१५ मध्ये बंद होऊन तिथे मोठी लाइन आली. अशा कामांत जुनं बांधकाम आधी पाडलं जातं, त्यावरची अक्षरं वाचायला कुणी थांबत नाही.

जायचं असेल तर पावसाळा टाळावा, गवतात दगड दिसत नाही आणि विंचू दिसतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये बरड्या उघड्या पडतात. त्याच दिवसांत संत्र्याचा मृग बहार तोडणीला असतो, म्हणून वावरमालकाला विचारूनच धुऱ्यावर पाय ठेवावा. गुराख्याला विचारलं तर नकाशापेक्षा लवकर काम होतं. आणि एका प्रश्नाचं उत्तर तयार ठेवावं. हातात कागद घेऊन दगड शोधणारा माणूस दिसला की इथे पाण्याआधी चौकशी होते: साहेब, कोणत्या खात्याचे? इकडून पुन्हा रस्ता काढता का?