शिशाला कोंडणारं सिमेंट

परळ-लालबागच्या गॅरेजात मेकॅनिककाका गाडीची बॅटरी दोन्ही हातांनी का उचलतात, माहितेय? तिच्या पोटात शिसं असतं! जुन्या बॅटरीतलं शिसं वितळवून पुन्हा वापरता येतं, पण शेवटी थोडी मळी उरतेच. वस्तूंवर निकेलचा किंवा जस्ताचा मुलामा चढवतानाही विषारी गाळ साठतो.

मग जाळून टाकू या? छे! शिसं हे मूलद्रव्य. कितीही जाळा, ते शिसंच राहणार. आणि पोटात गेलं, तर लहान मुलांच्या मेंदूला फार इजा करणार. म्हणून त्याला कोंडायचं.

पनवेलजवळ तळोज्याला घातक कचऱ्याचं केंद्र आहे. अशा केंद्रांत धातूंचा गाळ पुरण्याआधी त्यात सिमेंट, चुना किंवा राख कालवतात. गंमत म्हणजे, सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि घट्ट विणीचे नवे पदार्थ बनतात. धातू त्या विणीत अडकतात. शिवाय सिमेंट आम्लारिधर्मी, त्यामुळे बरेच धातू त्यात विरघळत नाहीत.

पण शिसं आणि जस्त मोठे चिवट! आम्लारिपणा फारच वाढला, की ते पुन्हा विरघळू लागतात.

यावर शिकागोजवळच्या अरगॉन प्रयोगशाळेत अरुण वाघ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात वेगळंच सिमेंट तयार केलं, सिरॅमिक्रीट. मॅग्नेशियम ऑक्साइड आणि पोटॅशियमचं फॉस्फेट पाण्यात कालवायचं. ते घट्ट व्हायला भट्टी लागतच नाही! मिश्रण आपलं आपणच तापतं आणि दगडासारखं कडक होतं. फॉस्फेट तुमच्या दातांत आणि हाडांतही असतं बरं का! त्यात मिसळलेल्या गाळातल्या शिशाची फॉस्फेटशी गाठ पडली, की शिशाचं फॉस्फेट बनतं आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. मला हीच करामत सगळ्यात आवडते, कारण उद्या ठोकळा फुटला तरी शिसं सहजी सुटत नाही.

खरंच सुटत नाही ना? ते ठोकळा फोडूनच तपासतात! त्याचे बारीक तुकडे पाण्यात टाकतात. त्या पाण्यात व्हिनेगरमधलंच आम्ल असतं. मग ते सुमारे 18 तास फिरवत ठेवतात आणि पाण्यात शिसं उतरलं का ते मोजतात. भारताच्या 2016च्या नियमांत शिशाची हद्द आहे लिटरमागे 5 मिलिग्रॅम. ती ओलांडली, तर तो कचरा अजून घातकच. मग मिश्रण बदलायचं आणि पुन्हा कालवायला घ्यायचं.