मसाल्याची ॲलर्जी : दळणाऱ्याने आणि विकणाऱ्याने काय जपावे?

उन्हाळा लागला की जळगाव-धुळ्याच्या मोहल्ल्यांत वर्षाचा मसाला करण्याची लगबग सुरू होते. नंदुरबारची मिरची उन्हात पडते, धणे-खोबरे भाजले जाते आणि मसाला चक्कीपुढे रांग लागते. या धंद्यात आपले बरेच बांधव आहेत. म्हणून चार गोष्टी मांडतो.

मिरचीच्या धुरळ्याने शिंका येतात, ठसका लागतो, हातांची आग होते. ही ॲलर्जी नव्हे. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य कोणालाही झोंबते. ॲलर्जीत मात्र शरीर मसाल्यातील प्रथिनालाच शत्रू समजते. मग चिमूटभरही पुरते. ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, घसा आवळतो, धाप लागते. क्वचित रक्तदाब उतरून जिवावर बेतते. अशा वेळी काढे देत बसू नये, तडक दवाखाना गाठावा. ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन हाच त्यावरचा पहिला इलाज आहे.

धणे, जिरे, बडीशेप आणि ओवा एकाच कुळातील आहेत. एक सोसत नसेल तर दुसऱ्याचाही त्रास होऊ शकतो. मेथी शेंगदाण्याच्या कुळातील असल्याने शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्या काहींना ती बाधते. तीळ आणि मोहरीची ॲलर्जी तर भाजल्या-शिजवल्यानेही सहसा जात नाही.

चक्कीवरील कारागिरांचा प्रश्न वेगळा आहे. रोज मसाल्याचा धुरळा छातीत गेल्याने काहींना दमा जडतो. कामावर छाती भरते आणि सुटीच्या दिवशी मोकळे वाटते, ही त्याची खूण. मालकाने हवा बाहेर फेकणारा पंखा बसवावा, मास्क द्यावा आणि खोकणाऱ्या कारागिराला डॉक्टरकडे पाठवावे. जळगाव व धुळे, दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे.

आता विक्रीबद्दल. २०१४ च्या अखेरीस आणि २०१५ मध्ये अमेरिकेत जिरेपुडीत शेंगदाण्याचा अंश सापडला. ती पूड वापरलेले कितीतरी पदार्थ बाजारातून परत बोलवावे लागले. आपल्याकडेही २०२० च्या लेबल नियमांनुसार पाकिटातल्या मालात शेंगदाणा असल्यास तसे छापावे लागते. युरोपात माल पाठवायचा तर तीळ आणि मोहरीही जाहीर करावी लागते. शेंगदाणा किंवा तीळ दळल्यावर यंत्र नीट साफ केल्याखेरीज दुसरा मसाला टाकू नये. सुट्या मालाच्या पुडीवरही सर्व जिन्नस लिहावेत.

आम्ही कापडवाले. सुती म्हणून टेरिकॉट दिले तर गिऱ्हाईक फार तर माल परत करते. मसाल्यात न सांगितलेला जिन्नस मात्र एखाद्याचा जीव घेऊ शकतो. मालातले ऐब लपवू नये, ही आपल्या दीनची शिकवण आहे. तिजारतीतली बरकतही त्यातच आहे.