नैराश्यावरील औषधे आणि धोतरा-भांग : एकत्र येण्यातील धोका

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे महाशिवरात्रीस भाविकांची मोठी गर्दी लोटते. शंकराच्या पूजेत बेलाबरोबर धोतऱ्याचे फूल व फळ वाहण्याची प्रथा सर्वत्र आहे. काही जण त्या दिवशी भांगही घेतात. देवाला वाहिलेल्या धोतऱ्यापासून कोणास अपाय होत नाही. तो पोटात गेला, तर मात्र जिवावर बेतू शकते. नैराश्यावरील औषध चालू असलेल्या व्यक्तीस हा धोका अधिक संभवतो. गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकास त्याचे कारण ठाऊक असावयास हवे.

परिणामांची बेरीज

धोतऱ्याच्या सर्व भागांत, विशेषतः बियांत, ॲट्रोपीन, हायोसायमीन व स्कोपोलामीन ही द्रव्ये असतात. शरीरातील ॲसिटिलकोलीन या संदेशवाहक रसायनाचे कार्य ती रोखतात. त्यामुळे तोंडाला कोरड पडते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, नाडी जलद चालते, घाम थांबून अंग तापते व लघवी अडते. माणूस असंबद्ध बोलू लागतो आणि नसलेल्या वस्तू त्यास दिसू लागतात.

नैराश्यावर दिली जाणारी ॲमिट्रिप्टिलीन व इमिप्रामीन ही औषधेही काही प्रमाणात हेच रसायन रोखतात. डॉक्टरांनी ठरविलेल्या मात्रेत हा परिणाम बहुधा तोंडाची कोरड वा बद्धकोष्ठता एवढ्यावरच थांबतो. धोतऱ्याची त्यात भर पडली, की दोहोंची बेरीज होते. ॲमिट्रिप्टिलीन हे अर्धशिशी व मज्जातंतूंच्या वेदनांवरही देतात. म्हणून आपण घेत असलेली गोळी या गटातील आहे, हे रुग्णास माहीत नसण्याचाही संभव असतो.

भांग व इतर द्रव्ये

भांगेने नाडीचा वेग वाढतो. वरील गटातील औषधांबरोबर तो अधिकच वाढू शकतो. अंमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ यातील व्याख्येत गांजा व चरस येतात, भांगेची निव्वळ पाने येत नाहीत. कायद्यातील या भेदावरून भांग औषधाबरोबर निर्धोक आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

एलएसडी व सायलोसायबिन ही भ्रमकारक द्रव्ये मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाच्या मार्गाने कार्य करतात. फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन यांसारख्या औषधांचाही संबंध त्याच रसायनाशी आहे. या औषधांमुळे अशा द्रव्यांचा अंमल पुष्कळदा क्षीण होतो आणि अंमल चढत नाही म्हणून मात्रा वाढविण्याचा मोह होतो. लिथियम घेणाऱ्यांना या द्रव्यांमुळे झटके आल्याच्या नोंदी आहेत.

गोळी परस्पर बंद करू नये

सण आहे म्हणून चार दिवस गोळी बंद ठेवावी आणि मग भांग घ्यावी, हा उपायही घातक आहे. फ्लुओक्सेटीनचा अंश शरीरात कित्येक आठवडे टिकतो. दुसरीकडे, औषध एकाएकी थांबविल्यास चक्कर व अस्वस्थता येऊ शकते आणि आजार उलटू शकतो.

काय करावे

धोतरा पोटात गेल्याचा संशय येताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घरी वांती करविण्याचा प्रयत्न करू नये. रुग्ण भ्रमात असल्यास त्यास ‘वारे लागले’ असे समजून बांधून ठेवू नये वा वेळ दवडू नये. उरलेली फळे, बिया आणि चालू औषधांची पाकिटे सोबत न्यावीत. धोतऱ्यावरील एक प्रतिविष, ॲमिट्रिप्टिलीनसारखे औषध मोठ्या मात्रेत पोटात असल्यास, हृदयास घातक ठरू शकते. म्हणून डॉक्टरांना गोळीचे नाव कळणे महत्त्वाचे असते.

शिक्षकांनी मुलांना धोतऱ्याचे झुडूप ओळखावयास शिकवावे. यात्रेपूर्वीच्या ग्रामसभेत पंचायत सदस्यांनी हा विषय घ्यावा. मनाच्या आजारावर औषध घेणाऱ्याची गावात चर्चा होऊ लागली, की तो गोळी लपवितो आणि लपविलेली गोळी डॉक्टरांनाही कळत नाही. यासाठी कोणाचे नाव न घेता सर्वांना उद्देशूनच ही माहिती द्यावी. मानसिक आरोग्याबाबत सल्ल्यासाठी ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे. तिचा क्रमांक शाळेच्या व पंचायतीच्या फलकावर लिहून ठेवावा.