पाय पसरण्यापूर्वी अंथरूण पाहा!

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण आपण खर्चाच्या बाबतीत वापरतो. आज ती शब्दशः घेऊ. माणसाच्या आयुष्याचा सुमारे एक तृतीयांश काळ अंथरुणावर जातो. तरीही गादी घेताना आपण पाहतो ती खोळीची नक्षी आणि किंमत. सकाळी मान आखडते, कंबर धरते, मुलाला उठल्याबरोबर शिंका येतात, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांना मी औषधाआधी एक प्रश्न हमखास विचारतो, “झोपता कशावर?”

कंबर दुखू लागली की गादी काढून फळीवर झोपायचे, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. पण पाठीचा कणा सरळ काठीसारखा नसतो. मानेशी आणि कमरेशी त्याला आत बाक असतो. फळीवर पाठ टेकते, कंबर मात्र अधांतरी राहते. कुशीवर वळल्यास खांदा व खुबा दाबले जातात. याउलट फार मऊ गादीत धड खाली रुतते आणि कण्याची झोळी होते. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर झालेला अभ्यास २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना अधिक आराम पडल्याचे दिसले.

याची घरगुती परीक्षा सोपी आहे. गादीवर उताणे पडा आणि कमरेखाली हात सरकवा. हात सहज आरपार गेला तर गादी फार कडक. हात शिरतच नसेल आणि कूस बदलायला जोर लावावा लागत असेल तर ती फार मऊ. दुकानात संकोच न करता दहा मिनिटे पडून पाहावे.

आपल्या हवेला कापसाची गादी चांगली मानवते. ती घाम शोषते व तिच्यातून हवा खेळते. मात्र कापूस दबतो, त्याचे गोळे होतात. गादीला मध्ये खळगा पडला की पिंजाऱ्याकडून ती पुन्हा पिंजून, भरून घ्यावी. नवी गादी शक्यतो डोळ्यांदेखत भरून घ्यावी, म्हणजे आत स्वच्छ कापूस आहे की जुन्या चिंध्यांचा भुगा, हे कळते. काथ्याची गादी कडक वाटल्यास तिच्यावर पातळ कापसाची गादी घालावी. फोमची घेतल्यास ती दाबून पाहावी. हात काढताच पूर्ववत झाली पाहिजे. तिच्यावर सुती चादर हवीच, नाहीतर उन्हाळ्यात पाठीला घामोळे येते.

उशी मानेसाठी असते, खांद्यासाठी नव्हे. उताणे झोपणाऱ्याला पातळ उशी पुरते. कुशीवर झोपणाऱ्याची उशी खांदा व कान यांमधील अंतर भरून काढील एवढी जाड असावी. एक वर्षाच्या आतील बाळाला मात्र उशी देऊच नये, अगदी राईचीसुद्धा. बाळाला सपाट, घट्ट अंथरुणावर उताणेच निजवावे. मऊ गादी, उशी वा सैल पांघरूण नाकातोंडावर आल्यास ते गुदमरू शकते.

आता स्वच्छतेविषयी. गादीतील धुळीत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात. आपल्या त्वचेचा झडलेला कोंडा हे त्यांचे खाद्य. त्यांच्या विष्ठेमुळे अनेकांना शिंका येतात, दमा बळावतो. दमट हवेत ते वाढतात, म्हणून पावसाळ्यानंतर गाद्यांना कडक ऊन द्यावे व त्या घरापासून दूर झटकाव्यात. चादरी व उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा धुवावेत. घरात दमेकरी असल्यास सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या गरम पाण्यात धुवावेत. या दृष्टीने आजीची सुती गोधडी उत्तमच. ती धुता येते आणि उन्हात लवकर वाळते.

शिवणीत काळे ठिपके दिसले तर ढेकूण झाले असे समजावे. अशा वेळी काही जण शेतातील फवारणीचे औषध गादीवर मारतात किंवा धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या गादीखाली घालतात. हे कदापि करू नका. त्या गोळ्यांतून निघणाऱ्या वायूने झोपेतच माणसे दगावतात. शिवणींवर उकळते पाणी घालावे, खाटेच्या फटी साफ कराव्यात, गादी खडखडीत वाळवावी. तेवढ्याने भागले नाही तर जाणकार माणसाकडून घरात फवारणी करून घ्यावी आणि त्याने सांगितल्याशिवाय त्या खोलीत झोपू नये.

चांगले अंथरूण महागच असते असे नाही. कण्याला आधार देणारी गादी, मानेच्या मापाची उशी, धुतलेली चादर आणि अधूनमधून कडक ऊन, एवढे सांभाळले तर साध्या अंथरुणावरही सुखाची झोप लागते. या रविवारी आपली गादी उलटून पाहा, खळगा व शिवणी तपासा आणि ऊन असेल तर ती गच्चीवर टाका.