वाफेनंतरचा मिस्त्री : कौशल्य आणि संघटना

यांत्रिक बदलाने कामगाराची नोकरी जाते, याची चर्चा पुष्कळ झाली आहे. नोकरी टिकूनही त्याचे ज्ञान निरुपयोगी ठरते, ही प्रक्रिया मात्र दुर्लक्षित राहते. भारतीय रेल्वेचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

वाफेच्या इंजिनाच्या शेडमधील मिस्त्री हातोडीच्या नादावरून बॉयलरमधील तुटलेला स्टे ओळखत असे. ही विद्या पुस्तकातून थोडी आणि सहवासातून अधिक मिळे. ‘मिस्त्री’ हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्रे’, म्हणजे गुरू किंवा उस्ताद, यापासून आलेला आहे, हे येथे लक्षात घ्यावे. संघटनेचे बळही याच सहवासात रुजलेले होते. मे १९७४ च्या देशव्यापी संपामागे चालकांप्रमाणेच शेड आणि कारखान्यांतील कामगारही उभे होते.

चित्तरंजन येथील वाफेच्या इंजिनांची निर्मिती १९७२ मध्ये थांबली. १९९० च्या दशकात आलेल्या थ्री-फेज विद्युत इंजिनांत बिघाडाची सूचना संगणकाच्या पडद्यावर उमटू लागली. २०१५ च्या मधेपुरा करारान्वये इंजिनांच्या निर्मितीबरोबरच सहारनपूर व नागपूर येथील आगारांतील देखभालही फ्रेंच भागीदार कंपनीच्या कक्षेत आली.

वेतन, पदसंख्या, कामाचे तास ही संघटनांच्या मागण्यांची रूढ परिभाषा होय. बिघाडाचे ज्ञान कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न तीत सहजी मावत नाही. म्हणूनच श्रमिक-साहित्याच्या तौलनिक अभ्यासकाने संप आणि बेकारी यांच्या चित्रणापाशी न थांबता, उस्तादाचा शब्द कोणी विचारीनासा होतो तो क्षणही शोधला पाहिजे.